‘स्टेशन’ या शब्दाचे मुक्काम

बोईसरच्या फलाटावर एखादा परगावचा पाहुणा उतरला आहे, अशी कल्पना करावी. त्याचा भाचा तारापूरच्या अणुविद्युत कारखान्यात नोकरीस आहे, आणि भाच्याने पाठविलेल्या चिठ्ठीत ‘तारापूर ॲटॉमिक पॉवर स्टेशन’ असे लांबलचक नाव लिहिलेले आहे. पाहुणा जिना उतरून बाहेर येतो आणि रिक्षावाल्यास म्हणतो,

“मला स्टेशनला जायचे आहे.”

“काका, स्टेशनावरच तर उभे आहात तुम्ही!”

“हे नव्हे रे बाबा, दुसरे स्टेशन.”

“दुसरं म्हणजे पोलीस स्टेशन? गाडीत पाकीटबिकीट मारलं की काय कोणी?”

पाहुणा चिठ्ठी पुढे करतो. रिक्षावाला ती वाचून हसतो आणि म्हणतो, “मग टॅप्स म्हणा की, काका. बसा.”

या संवादात चूक कोणाचीच नाही. ‘टॅप्स’ ही चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे होत, आणि त्यांतील शेवटचा ‘स’ म्हणजे तेच स्टेशन. बोईसर आणि तारापूर यांच्या टापूत हा एक शब्द दिवसातून शंभर वेळा उच्चारला जातो, आणि प्रत्येक वेळी ऐकणाऱ्यास त्याचा अर्थ प्रसंगावरून ठरवावा लागतो. अणुविद्युत कारखान्याच्या मुख्याधिकाऱ्याचा हुद्दा ‘स्टेशन डायरेक्टर’. आकाशवाणीच्या केंद्रावरील प्रमुखाचा इंग्रजी हुद्दाही तोच. अलीकडे रेल्वेनेही काही मोठ्या स्थानकांवर याच नावाचे अधिकारी नेमले आहेत. एक अणूचे विभाजन सांभाळतो, दुसरा गाण्याभाषणांचे वेळापत्रक, तिसरा उतारूंची गर्दी; पाटी मात्र तिघांच्या दारावर एकच.

हा केवळ गमतीचा विषय असता तर येथेच आटोपता आला असता. परंतु ज्या घरात इंग्रजी शिकणारी पहिलीच पिढी आहे, तेथे ही गोष्ट गमतीची राहत नाही. पालघर, विक्रमगड, तलासरी या भागांत अशी घरे पुष्कळ आहेत. मुलाने शब्दार्थांच्या वहीत ‘स्टेशन = आगगाडी थांबण्याची जागा’ असे एकदा घोकले की पुढे परीक्षेच्या उताऱ्यात ऑस्ट्रेलियातील मेंढरांचे स्टेशन आले तरी तो मेंढरांना गाडीत बसवितो. नव्याने नोकरीस लागलेल्या कारकुनास ‘परवानगीवाचून स्टेशन सोडू नये’ असा हुकूम येतो, तेव्हा त्याचा संबंध रेल्वेशी नसून नेमणुकीच्या गावाशी आहे, हे त्यास कोणी सांगितलेले नसते. तो सुटीच्या दिवशी निर्धास्तपणे आपल्या गावी जातो आणि सोमवारी खुलासा लिहीत बसतो. शब्द एक आणि अर्थ दहा, अशा वेळी दहा अर्थ पाठ करणे हा मार्ग नव्हे. दहाही अर्थ ज्या एका मुळावर उभे आहेत ते मूळ हाती यावे लागते.

ते मूळ ‘उभे राहणे’ हेच आहे. लॅटिन भाषेत उभे राहण्याचा जो धातू आहे त्यावरून ‘स्टॅटिओ’ म्हणजे उभे राहण्याची जागा, पहाऱ्याची जागा, असे नाम झाले. त्याचे इंग्रजीत स्टेशन झाले. संस्कृत जाणणाऱ्यास येथे ‘स्था’ धातूची आठवण झाल्याखेरीज राहणार नाही, आणि ती आठवण यथार्थ आहे. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या व्याख्यानात संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच कुळातल्या असाव्यात असे प्रतिपादन केले; त्या कुळाचा हा एक ठळक पुरावा होय. इंग्रजीतील स्टँड, स्टेट, स्टेटस, इस्टेट हे शब्द एकीकडचे, आणि स्थान, स्थिती, संस्था, अवस्था, आस्था, निष्ठा हे दुसरीकडचे. सगळे चुलत भाऊ. फारसीतला ‘स्तान’ त्याच घराण्यातला, म्हणून ‘हिंदुस्थान’ असे लिहिले काय किंवा ‘हिंदुस्तान’ असे लिहिले काय, मूळ धातू बदलत नाही.

मराठीने या ‘स्थान’ शब्दाचे काय केले, ते पाहण्यासारखे आहे. प्राकृत बोलणाऱ्यांच्या जिभेला शब्दाच्या आरंभीचे जोडाक्षर मानवत नसे. ‘स्थ’मधील ‘स’ गळून पडला, ‘थ’चा ‘ठ’ झाला आणि ‘ठाण’ हा शब्द तयार झाला. घोडा बांधण्याची जागा ती ठाण. एखादा माणूस हलेनासा झाला की तो ठाण मांडून बसला. शिपायांची चौकी ते ठाणे. शिलाहार राजांच्या ताम्रपटांत ज्या नगराचे नाव ‘श्रीस्थानक’ असे येते, ते आजचे ठाणे शहर होय. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून सुटलेली देशातील पहिली उतारू आगगाडी सुमारे ३४ किलोमीटर धावून ठाण्यास पोहोचली. म्हणजे आगगाडीने पहिला मुक्काम केला तो ‘स्टेशन’ असाच अर्थ असलेल्या गावी. ज्या इंग्रज अधिकाऱ्यांनी त्या गावात स्टेशनाची पाटी लावली त्यांच्या हे ध्यानीमनीही नसावे.

पुढे खेड्यापाड्यांतून आगगाडी फिरू लागली आणि लोकांनी ‘स्टेशन’चे ‘ठेसन’ केले. शिकलेली मंडळी या उच्चाराला हसतात. वास्तविक हसण्याचे कारण नाही. आरंभीचा ‘स’ टाकून द्यायचा आणि त्याचा श्वास पुढच्या ‘ट’मध्ये मिसळून ‘ठ’ करावयाचा, ही अगदी तीच रीत आहे, जिने स्थानाचे ठाणे झाले. दोन हजार वर्षांपूर्वी प्राकृत बोलणाऱ्यांनी जे केले, तेच डोक्यावर माशांची पाटी घेऊन गाडीची वाट पाहणाऱ्या बाईने केले, आणि तिला व्याकरण कोणी शिकविलेले नव्हते. ‘ठाणे’ शुद्ध आणि ‘ठेसन’ अशुद्ध मानावयाचे, तर त्याला जुनेपणाखेरीज दुसरा आधार सापडत नाही.

ठाणे या शब्दाचा लष्करी अर्थ तर या किनाऱ्याच्या इतिहासात पदोपदी भेटतो. ‘ठाणे बसविणे’ म्हणजे एखाद्या ठिकाणी आपली शिबंदी कायमची ठेवणे. पोर्तुगीजांनी वसईपासून उत्तरेस अशी ठाणी समुद्राच्या कडेने ओळीने बसविली होती. १७३९ च्या वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेने ती एकामागून एक उठविली. त्यांत तारापूरचा किल्ला होता, आणि त्याच्या वेढ्यात बाजी भिवराव रेठरेकर यांच्यासारखा मोहरा पडला. इंग्रजीत हा प्रसंग लिहावयाचा तर तारापूरला ‘पोर्तुगीज स्टेशन’ म्हणता येईल. त्यानंतर २३० वर्षांनी, २८ ऑक्टोबर १९६९ रोजी, त्याच नावाच्या परिसरात देशातील पहिले अणुविद्युत स्टेशन कामास लागले. शब्द तोच, पहारा निराळा.

इंग्रज या देशात आले तेव्हा त्यांनीही हा शब्द प्रथम लष्करी अर्थानेच वापरला. जेथे त्यांची पलटण किंवा मुलकी अधिकारी राहत, ते त्यांचे ‘स्टेशन’. गावात हजारो एतद्देशीय लोक असले तरी साहेबाच्या बोलण्यातले ‘सारे स्टेशन’ म्हणजे क्लबात जमणारी पंचवीसतीस गोरी माणसे! हे अधिकारी उन्हाळ्यात डोंगरावर जाऊन राहू लागले आणि ‘हिल स्टेशन’ हा शब्द जन्मास आला. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने १८५० साली माथेरानचा डोंगर हेरला, तो याच हौसेपोटी. मराठीने त्याचे भाषांतर ‘थंड हवेचे ठिकाण’ असे केले आणि ते चांगले केले. कारण आपल्या माणसाला तेथील हवा महत्त्वाची वाटली, साहेबाचा मुक्काम नव्हे. नेमणुकीच्या गावाला स्टेशन म्हणण्याची सरकारी चाल याच काळातली, आणि वर सांगितलेला कारकून ज्या हुकुमात सापडला तो हुकूम तिचाच वंशज. मराठी आदेशात हल्ली ‘मुख्यालय सोडू नये’ असे लिहितात. त्यात घोटाळा होत नाही.

आगगाडी आल्यावर मात्र बाकीचे सर्व अर्थ मागे सरले. मुंबई आणि गुजरात यांना जोडणारा लोहमार्ग १८६४ साली पुरा झाला, आणि या भागाचा तोल समुद्रावरून रुळांकडे झुकला. त्यापूर्वी बंदरे मोठी होती. आज ज्याला पालघर तालुका म्हणतात तो पूर्वी समुद्राकाठच्या माहीमच्या नावाने ओळखला जाई. गाडी पालघरास थांबू लागली तशी वस्ती आणि कचेऱ्या तिकडे गेल्या, तालुक्यास नाव त्याचे लागले, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून निराळा काढलेला जिल्हाही पालघरच्याच नावाचा झाला. स्टेशनाने ठाणे आपल्याकडे ओढून घेतले, असे शब्दशः म्हणता येते. ज्या जुन्या गावांपासून रूळ दूर पडले त्यांच्या स्टेशनांना ‘रोड’ हे शेपूट लागले: केळवे रोड, डहाणू रोड, वसई रोड. ‘रोड’ दिसला की गाव अजून पुढे आहे आणि वाहन करावे लागणार आहे, एवढे प्रवाशाने ओळखावे. बोईसरला असे शेपूट नाही, कारण तेथे स्टेशनाभोवतीच गाव वाढले.

एस.टी.च्या थांब्याला मात्र लोक कधी स्टेशन म्हणत नाहीत. १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर यांच्या दरम्यान पहिली एस.टी. धावली, तेव्हापासून लोकांच्या तोंडी ‘स्टँड’च आहे. पाटीवर ‘बस स्थानक’, इंग्रजीत बस स्टेशन, बोलण्यात स्टँड. पालघरला कोणी ‘स्टँडवर भेटू’ म्हटले तर एक जागा, ‘स्टेशनवर भेटू’ म्हटले तर दुसरी. या बाबतीत आजवर कोणाची चुकामूक झालेली ऐकिवात नाही. एकाच कुळातले दोन परकी शब्द घेऊन दोन निराळ्या जागांना वाटून द्यावयाचे, ही सोय इंग्रजांनाही सुचलेली नाही.

आता विजेकडे वळू. विजेच्या दिव्यांच्या आरंभीच्या काळी ज्याला दिवे हवेत त्याने आपल्या आवारात आपले यंत्र ठेवावे, अशी रीत होती. एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीटवर एकाच इमारतीत यंत्रे मांडली आणि तेथून आसपासच्या गिऱ्हाइकांना तारांनी वीज पुरविली. या व्यवस्थेस ‘सेंट्रल स्टेशन’ म्हणत. मध्यभागी उभे असलेले, सर्वांस पुरविणारे, ते स्टेशन. मराठीत ‘विद्युत केंद्र’ म्हणतात त्याला म्हणून चांगला आधार आहे, जरी तो शब्द घडविणाऱ्यांनी पर्ल स्ट्रीटचा विचार केला नसला तरी. तारापूरला पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या बनावटीच्या, उकळत्या पाण्याच्या. त्यांची क्षमता मूळ प्रत्येकी २१० मेगावॉट, पुढे ती १६० वर आणली गेली. २००५ व २००६ साली प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्या सुरू झाल्या, त्या जड पाण्यावर चालणाऱ्या आणि देशी बांधणीच्या. डहाणूस कोळशावर चालणारे ५०० मेगावॉटचे आणखी एक ‘स्टेशन’ आहे. डहाणू रोडच्या रिक्षावाल्यांपुढेही तेव्हा बोईसरचाच पेच उभा राहू शकतो.

रेडिओच्या बाबतीतही ‘केंद्र’च रूढ झाले. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत नियमित ध्वनिक्षेपण सुरू झाले तेव्हा श्रोते ‘मुंबई स्टेशन’ म्हणत, आणि यंत्राची खुंटी फिरवूनही आवाज आला नाही की ‘स्टेशन लागत नाही’ असे म्हणत. आकाशवाणीने ‘केंद्र’ म्हणावयास शिकविले. येथे एक मौज आहे. स्टेशन हा परका शब्द टाळून आपण संस्कृत ‘केंद्र’ घेतला, असे पुष्कळांस वाटते. परंतु केंद्र हा शब्द ज्योतिषाबरोबर ग्रीकांकडून संस्कृतात आलेला. ग्रीक ‘केंट्रॉन’ म्हणजे टोचणारे टोक, कंपासाचे टेकविण्याचे टोक. इंग्रजीतला ‘सेंटर’ त्याचाच. घरोघरच्या कुंडल्यांत पहिल्या, चौथ्या, सातव्या व दहाव्या घरास ‘केंद्रस्थान’ म्हणतात, त्यात ग्रीक आणि संस्कृत असे दोघे हातात हात घालून बसलेले आहेत. परकेपणाच्या कसोटीवर पाहिले तर ‘स्टेशन’ हा स्थानाचा चुलत भाऊ, आणि ‘केंद्र’ हा पाहुणा म्हणून आला आणि घरचाच होऊन गेला.

या पाहुण्यावर हल्ली कामाचा बोजा फार पडतो, एवढे मात्र नमूद केले पाहिजे. मतदान केंद्र, आरोग्य केंद्र, खरेदी केंद्र, सेवा केंद्र, तक्रार निवारण केंद्र. जेथे एक मेज आणि दोन खुर्च्या आहेत तेही केंद्र, आणि जेथे चार अणुभट्ट्या आहेत तेही केंद्र. इंग्रजीला एका ‘स्टेशन’वर भागवावे लागते म्हणून तिची कीव करावी, तर आपण एका ‘केंद्रा’वर भागविण्याच्या वाटेस लागलो आहोत. पोलिसांच्या बाबतीत ‘ठाणे’, गाडीच्या बाबतीत ‘स्थानक’, डोंगरावर ‘ठिकाण’, विजेच्या बाबतीत ‘वीजघर’ किंवा ‘विद्युतगृह’ हे शब्द हाताशी आहेत. कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पाने ‘विद्युतगृह’ वापरला आणि तो कोणास खटकला नाही.

विद्यार्थ्याने ‘स्टेशन’ भेटताच स्वतःस दोन प्रश्न विचारावेत: येथे कोण उभे आहे? कशासाठी? ऑस्ट्रेलियातील मेंढपाळ उजाड माळावर ठाण मांडून राहिला, म्हणून त्याचे कुरण हे स्टेशन. दक्षिण ऑस्ट्रेलियातील ॲना क्रीक नावाचे असे गुरांचे स्टेशन सुमारे २३ हजार चौरस किलोमीटरचे, म्हणजे पालघर जिल्ह्याच्या चौपटीहून मोठे आहे. वसईच्या चर्चमध्ये उपवासकाळात भाविक क्रुसाच्या वाटेवर चौदा ठिकाणी थांबून प्रार्थना करतात; इंग्रजीत त्या चौदा स्टेशनांवर उभा राहतो तो भाविक. ग्रह वक्री होण्यापूर्वी आकाशात क्षणभर थबकल्यासारखा दिसतो, पंचांग त्याला ‘स्तंभी’ म्हणते आणि इंग्रज ज्योतिषी ‘स्टेशनरी’. वह्या-पेन्सिलींच्या दुकानाची ‘स्टेशनरी’ उच्चाराने तीच, परंतु तिच्या इंग्रजी स्पेलिंगात ‘ए’च्या जागी ‘ई’ येतो. मध्ययुगीन युरोपात बहुतेक पुस्तकविक्रेते गावोगाव फिरत. विद्यापीठाशेजारी एका जागी दुकान मांडून बसला तो ‘स्टेशनर’. लंडनच्या स्टेशनरांच्या संघास १५५७ साली राजाची सनद मिळाली. आपल्याकडील स्टेशनरीच्या दुकानात टिकल्या, बांगड्या आणि फुगेही मिळतात, ही त्या शब्दाची भारतातील बढती समजावी.

सर्वांत चमत्कारिक स्टेशन म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. ते पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने धावते आणि दीडएक तासात पृथ्वीची एक प्रदक्षिणा संपविते. उभे राहण्याच्या नावाची वस्तू आणि क्षणभर उभी नाही! तरीही नाव चुकीचे नाही. २००० सालच्या नोव्हेंबरपासून तेथे माणसांचा पहारा अखंड चालू आहे. पाळी बदलते, जागा रिकामी राहत नाही.

एक अर्थ उरला. इंग्रजीत माणसाच्या सामाजिक पायरीलाही स्टेशन म्हणतात. जुन्या कादंबऱ्यांत ‘आपले स्टेशन ओळखून वागावे’ असा उपदेश नोकरांना सतत केलेला असतो. मराठीत येथे ‘पायरी’ येते, किंवा ‘प्रतिष्ठा’. आणि प्रतिष्ठा हाही ‘स्था’ धातूचाच शब्द. तसाच आणखी एक शब्द आहे, तो तारापूरच्या परिसरात कोशात पाहावा लागत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण व अक्करपट्टी ही समुद्राकाठची गावे उठवावी लागली. गावकऱ्यांना नवी वसाहत मिळाली, पण बागायत आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या घरांना समुद्र सोडून आत जावे लागले. पुनर्वसनाच्या तक्रारी उच्च न्यायालयापर्यंत गेल्या. सरकारी कागदांत या लोकांस ‘विस्थापित’ म्हणतात. ‘वि’ हा उपसर्ग काढून टाकला तर उरते ते ‘स्थापित’. एकाच धातूपासून एक स्टेशन उभे राहिले आणि दुसरे एक स्थान उठले, आणि दोहोंची नोंद एकाच कागदावर आहे. भाषेने हा योग मुद्दाम घडविलेला नाही. परंतु ज्यांच्या नावामागे तो शब्द लागला त्यांना मूळ धातू समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

बोईसरला आता आणखी एका स्टेशनाचे काम चालू आहे. मुंबई-अहमदाबाद या अतिवेगवान रेल्वेच्या महाराष्ट्रातील थांब्यांत मुंबई, ठाणे आणि विरार यांच्याबरोबर बोईसरचेही नाव आहे. ते सुरू झाले की “स्टेशनला चला” म्हणणाऱ्या पाहुण्यास रिक्षावाला एक प्रश्न अधिक विचारील.